त्यांना परत बोलावायचं, तर कुठे?

[दृश्य : गिरगाव. चाळीची गच्ची, कलती दुपार. कॅमेरा सावकाश मलबार हिलकडे वळतो.]

मे महिन्यात आजी या गच्चीवर पापड वाळत घालायची आणि राखणीला मला बसवायची. कावळ्यांना हाकलायचं, एवढंच काम. पण माझं लक्ष कावळ्यांच्या खूप वर असायचं. तिकडे, मलबार हिलच्या डोक्यावर, मोठाले पक्षी पंख न हलवता गोल गोल फिरत असायचे. "डुंगरवाडीची गिधाडं ती," आजी सांगायची. "पारशांचं माणूस गेलं की पुढचं तेच बघतात." सांगताना तिच्या आवाजात भीती नसायची. शेजारच्या बिऱ्हाडाबद्दल बोलावं तसं ती गिधाडांबद्दल बोलायची.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली. त्या टेकडीवर सतराव्या शतकापासून पारशी समाजाचे दख्मे, म्हणजे मृतदेह उघड्यावर ठेवायच्या गोल वास्तू, आहेत, आणि तिथल्या अंत्यविधीचा मोठा भार गिधाडांवर होता. मग कधीतरी आकाश रिकामं झालं. नेमकं कोणत्या वर्षी, ते आमच्या चाळीत कोणालाच सांगता येत नाही. एखादं दुकान बंद झालं तर आपण तारखेसकट सांगतो. शेवटचं गिधाड कोणी पाहिलं, त्याची आठवण कोणीच ठेवली नाही. आज तिथे घारी दिसतात, आणि दख्म्यांवर सूर्याची उष्णता एकवटणारी उपकरणं बसवली आहेत.

२०२५ च्या एप्रिलमध्ये माझ्या भाच्याने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. पांढऱ्याशुभ्र लांडग्याची दोन पिल्लं मान वर करून केकाटत होती. अमेरिकेतल्या कोलोसल बायोसायन्सेस या कंपनीचा दावा होता, की हे डायर वुल्फ आहेत, दहा-बारा हजार वर्षांपूर्वी नामशेष झालेले, आणि आम्ही ते परत आणले आहेत. भाचा म्हणाला, "मावशी, मग डुंगरवाडीची गिधाडंपण आणतील ना परत?"

मला लगेच उत्तर देता आलं नाही. त्याला नीट उत्तर मिळावं म्हणून ही फिल्म.

[दृश्य : प्रयोगशाळा. सूक्ष्मदर्शकाखाली अंडपेशी, तिला टोचणारी काचेची सुई.]

परत आणायच्या या साऱ्या गोष्टींच्या मुळाशी आहे क्लोनिंग. त्याची कृती सांगायला सोपी आहे. मादीची एक अंडपेशी घ्यायची आणि तिचं केंद्रक बाहेर काढून टाकायचं. ज्या प्राण्याची प्रतिकृती हवी, त्याच्या कातडीच्या एखाद्या पेशीचं केंद्रक त्या जागी बसवायचं. विजेचा हलका झटका दिला की कधीकधी ती पेशी दुभंगू लागते. गर्भ तयार होतो. तो दुसऱ्या मादीच्या गर्भाशयात ठेवायचा आणि वाट पाहायची.

"कधीकधी" हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. १९९६ च्या जुलैमध्ये स्कॉटलंडमध्ये डॉली मेंढी जन्मली, तेव्हा २७७ अंडपेशींवर प्रयोग करून एकच कोकरू हाती आलं होतं. आपल्याकडे हरियाणात कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत २००९ साली म्हशीचं पहिलं क्लोन झालेलं पिल्लू काही दिवसांतच दगावलं. त्याच वर्षी जूनमध्ये गरिमा नावाची पारडी जन्मली आणि जगली. म्हणजे ही विद्या आपल्या देशात आहे, हातही तयार आहेत. पण मेंढी आणि म्हैस हे घरचे प्राणी. अंडपेशी हव्या तितक्या मिळतात, गर्भ वाढवायला माद्या हव्या तितक्या मिळतात.

नामशेष झालेल्या प्राण्याची मादी कुठून आणणार?

हे एकदा करून पाहिलेलं आहे. स्पेन आणि फ्रान्सच्या सीमेवर पिरेनीज पर्वत आहे. तिथे बुकार्डो नावाची रानशेळी होती. शिकारीमुळे कमी कमी होत गेली आणि शेवटी एकच मादी उरली. तिचं नाव सेलिया. शास्त्रज्ञांनी १९९९ साली तिला पकडून कातडीच्या पेशी काढून घेतल्या, गळ्यात रेडिओ पट्टा बांधला आणि सोडून दिलं. २००० सालच्या जानेवारीत पट्ट्याचा सिग्नल बदलला. जाऊन पाहतात तर कोसळलेल्या झाडाखाली सेलिया मेलेली. एक अख्खी जात एका झाडाखाली संपली.

पण पेशी गोठवून ठेवलेल्या होत्या. त्या वापरून गर्भ तयार केले आणि ५७ शेळ्यांच्या पोटात ठेवले. सात गाभण राहिल्या. सहांचे गर्भ पडले. ३० जुलै २००३ रोजी उरलेल्या एकीचं पोट उघडून पिल्लू बाहेर काढलं. जिवंत होतं. नामशेष झालेली जात पुन्हा जमिनीवर आली, असं जगात पहिल्यांदाच घडत होतं. पिल्लाला हातात धरलेल्या माणसांना मात्र दिसत होतं, की त्याला श्वास घेता येत नाहीये. फुप्फुसाला एक जादा भाग फुटला होता, घट्ट, यकृताच्या गोळ्यासारखा, आणि हवेला जागाच नव्हती. दहाएक मिनिटांत ते गेलं.

बुकार्डो ही जात दोनदा नामशेष झाली. दुसऱ्यांदा जीभ बाहेर काढून, हवेसाठी तडफडत. या विषयावर मी जेवढं वाचलं, त्यातलं हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हललं नाही.

समजा, ते पिल्लू जगलं असतं. समजा, अशी दहा जगली असती. सगळ्या माद्याच असत्या, कारण सेलिया मादी होती. सगळ्या अगदी एकसारख्या, एकाच रोगाने एकदम कोलमडणाऱ्या. आणि त्यांना डोंगरकड्यांवर चढायला कोणी शिकवलं असतं? हिवाळ्यात कोणत्या उतरणीवर जायचं, चारा कुठे राहतो, हे पिल्लू आईच्या मागे चालून शिकतं. त्यांच्या आया गोठ्यातल्या शेळ्या होत्या.

अमेरिकेत २००१ साली आपल्या गव्याचा क्लोन गाईच्या पोटी जन्मला होता. गवा म्हणजे तोच, आपल्या दाजीपूर-राधानगरीच्या जंगलातला. त्या क्लोनचं नाव नोआ. दोन दिवसांत हगवणीने गेला.

[दृश्य : फोर्ट. शहीद भगतसिंग मार्गावरचं हॉर्नबिल हाऊस. लाकडी खण उघडतो. कापूस भरलेले पक्षी, पायांना चिठ्ठ्या.]

हे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं, म्हणजे बीएनएचएसचं घर. संस्था १८८३ ची. इथे लाखाहून अधिक नमुने जपून ठेवले आहेत. पक्षी, सस्तन प्राणी, साप, फुलपाखरं. प्रत्येकाच्या पायाला चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख आणि गाव. असा एक खण ओढला की वाटतं, पेशीच हव्यात ना, मग इथे किती तरी आहेत!

पण ही कातडी मेलेली आहे. क्लोनिंगला लागते जिवंत पेशी, किंवा जिवंत असताना गोठवलेली. प्राणी मेला की डीएनए तुटायला लागतो. कसर लागलेल्या पोथीसारखं ते आहे. पानं उरतात, मधली अक्षरं उरत नाहीत, आणि काही शतकांनी नुसता भुगा हाती येतो. न्यूझीलंडमधल्या मोआ नावाच्या नामशेष पक्ष्याच्या हाडांवरून शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला आहे, की साधारण ५२१ वर्षांत डीएनएचे निम्मे सांधे तुटतात. बर्फात जास्त टिकतो, मुंबईसारख्या दमट उकाड्यात लवकर जातो. डायनोसॉर परत येतील का, असं मुलं विचारतात. साडेसहा कोटी वर्षांनंतर वाचायला काही शिल्लकच नाही.

पक्ष्यांची आणखी एक अडचण आहे, आणि भाच्याच्या प्रश्नाचा पहिला तुकडा इथेच सुटतो. कवचातल्या अंड्याला डॉलीची कृती लागू पडत नाही. पक्ष्याची अंडपेशी म्हणजे तो केवढा तरी मोठा पिवळा बलक, आणि अंडं बाहेर येईपर्यंत आतली वाढ सुरूही झालेली असते. केंद्रक काढा, दुसरं बसवा, हे तिथे जमत नाही. म्हणून डोडोच्या मागे लागलेले लोक वेगळी वाट शोधत आहेत. कबुतराच्या जनुकांमध्ये बदल करत करत डोडोसारखं काही घडवायचं. सतराव्या शतकात एका इंग्रज प्रवाशाने आपल्या शेजारी, सुरतेत, दोन डोडो पाहिल्याची नोंद केली आहे. मॉरिशसहून जहाजाने आणलेले. मोगल दरबारच्या उस्ताद मन्सूरच्या नावावर असलेल्या एका चित्रात डोडो अजून उभा आहे, चांगला धट्टाकट्टा.

आणि ते पांढरे लांडगे? ते हल्लीच्या करड्या लांडग्याचीच पिल्लं आहेत. त्याच्या १४ जनुकांमध्ये २० बदल केले, अंग मोठं आणि केस पांढरे व्हावेत म्हणून. जन्म कुत्रीच्या पोटी. यातलं कसब खरं आहे, आणि मला त्याचं कौतुकही आहे. पण लांडग्याला रंग दिला म्हणून दहा हजार वर्षांपूर्वीचा प्राणी परत आला, असं मुलांना सांगणं मला मान्य नाही. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेतल्या लांडगा-कोल्ह्यांच्या तज्ज्ञांनीही स्पष्ट सांगितलं, की हे डायर वुल्फ नव्हेत.

[दृश्य : भायखळा, राणीची बाग. काचेमागे पेंग्विन. काचेला नाक लावून उभी मुलं.]

हे हम्बोल्ट पेंग्विन २०१६ साली दक्षिण कोरियातून मुंबईत आले. त्यांच्यासाठी थंड हवेचं दालन बांधावं लागलं. हम्बोल्ट पेंग्विनला निदान दक्षिण अमेरिकेत स्वतःचा किनारा आहे. मॅमथ, म्हणजे तो नामशेष झालेला केसाळ हत्ती, परत आणला, तर त्याला काय आहे? त्याचा कळप नाही, त्याची वाट नाही. आणि त्याला नऊ महिने नव्हे, बावीस महिने पोटात वाढवायचं झालं, तर जवळची नातलग आपली आशियाई हत्तीण. ती स्वतःच धोक्यात आलेली आहे. ती कोलोसल कंपनी म्हणते, कृत्रिम गर्भाशय बनवू. ते बनेल तेव्हा बनेल. तोवर एखाद्या हत्तिणीची दोन वर्षं अशा प्रयोगात घालवणं मला चुकीचं वाटतं.

[दृश्य : जुना कृष्णधवल फोटो. जमिनीवर मांडलेले तीन चित्ते.]

आता आपल्या घरचा जखमी विषय. चित्ता.

आपण बोलताना बिबट्याला सर्रास चित्ता म्हणतो. बिबट्या बोरिवलीच्या नॅशनल पार्कात आहे, आरे कॉलनीत आहे. चित्ता वेगळा. सडपातळ, लांब पायांचा, डोळ्यांपासून तोंडापर्यंत काळ्या आसवांच्या रेघा असलेला. कोल्हापूर संस्थानात काळविटांच्या शिकारीसाठी चित्ते पाळायचे, आणि रानातले संपत आले तेव्हा आफ्रिकेतून मागवायचे. १९४७ साली, आजच्या छत्तीसगडमधल्या कोरिया संस्थानच्या महाराजांनी एका रात्री मोटारीतून जाताना तीन चित्ते मारले. तिन्ही नर. बहुतेक एकाच आईचे. भारतातल्या चित्त्यांची शेवटची ठाम नोंद म्हणून हेच तिघे सांगितले जातात. १९५२ साली सरकारने चित्ता नामशेष झाल्याचं जाहीर केलं.

त्या शिकारीची हकिकत आणि फोटो छापला गेला तो इथे, मुंबईतून निघणाऱ्या बीएनएचएसच्या जर्नलमध्ये. महाराजांच्या सचिवाने पाठवलेली. खाली संपादकांनी टीप जोडली. वाचून इतकी किळस आली, की आधी हा मजकूर केराच्या टोपलीत टाकावासा वाटला, अशा आशयाची. तरीही त्यांनी तो छापला, नोंद राहावी म्हणून. त्या संपादकांपुढे मी मनोमन हात जोडते. फोटो नसता, तर आपण आज याबद्दलही म्हटलं असतं, नेमकं कधी संपलं ते सांगता येत नाही.

हैदराबादच्या सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायॉलॉजीने २००० च्या सुमारास आशियाई चित्त्याच्या क्लोनिंगची योजना मांडली. डॉ. लालजी सिंग त्यामागे होते. आशियाई चित्ते फक्त इराणमध्ये उरले होते. इराणने ना जोडी दिली, ना पेशी. पुढे २०२२ च्या सप्टेंबरमध्ये नामिबियाहून आठ आफ्रिकी चित्ते मध्य प्रदेशात कुनोला आणले, मग दक्षिण आफ्रिकेतून बारा. त्यांच्यावर उलटसुलट पुष्कळ बोललं गेलंय, ते इथे पुन्हा नको. मला खुपतं ते वेगळं. चित्ता राहायचा गवताळ माळावर. सरकारी कागदावर त्याच माळाला आपण किती तरी काळ "पडीक जमीन" म्हणत आलो. चित्त्याचं घर पडीक, म्हणून तिथे कारखाना चालतो, रस्ता चालतो, पवनचक्की चालते. उद्या हैदराबादेत खरोखर आशियाई चित्ता जन्मला, तर त्याला कोणत्या माळावर सोडायचं?

माझी एक मैत्रीण इथे मला अडवते. ती म्हणते, आपण मारलं ना? मग ते देणं आहे, आणि फेडायची सोय होत असेल, तर अवघड आहे म्हणून हात वर करायचे का? तिचं म्हणणं मी झटकून टाकू शकत नाही. देणं आहेच. पण आपण ज्याला फेडल्यासारखं करू, तो जीव वेगळा असेल. नव्याने जन्मलेला, आईविना, जागेविना. आपल्या मनाला बरं वाटावं म्हणून त्याला जन्माला घालणं, याचा हिशेब मला लागत नाही.

[दृश्य : हरियाणा, पिंजोर. उंच जाळीच्या पिंजऱ्यात गिधाडांची रांग. एक पंख पसरतं.]

भाच्याच्या प्रश्नाचा दुसरा तुकडा इथे आहे. गिधाडं पूर्ण गेलेली नाहीत.

नव्वदच्या दशकात भारतभर गिधाडं झाडांवर माना टाकून बसलेली दिसू लागली आणि खाली पडून मरू लागली. पांढऱ्या पाठीची गिधाडं पंधरा-सोळा वर्षांत शंभरातली नव्याण्णवपेक्षा जास्त गेली. जगात इतक्या वेगाने कोसळलेले पक्षी फार थोडे. रोगाची साथ असेल, असं आधी वाटलं. कारण सापडलं २००४ साली, पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांमध्ये. डायक्लोफेनॅक. गुरांना दुखण्यावर टोचतात ते स्वस्त वेदनाशामक. औषध दिलेलं जनावर मेलं, गिधाडांनी ते खाल्लं, की त्यांचे मूत्रपिंड बंद पडायचे आणि आतल्या अवयवांवर यूरिक आम्लाचा खडूसारखा थर चढायचा.

२००६ साली जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोहोचत राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये त्या बाटल्यांचा आकार कमी करावा लागला. २०२३ मध्ये कीटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफेनॅक यांवर जनावरांसाठी बंदी घातली. मेलॉक्सिकॅमसारखा सुरक्षित पर्याय आहे. आणि पिंजोरला हरियाणा वनविभाग आणि बीएनएचएसने जटायूच्या नावाने प्रजनन केंद्र उभं केलं. गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडं घालते, आणि पिल्लू वयात यायला पाचएक वर्षं लागतात. सांभाळणाऱ्याला घाई करून चालत नाही. २०२४ च्या जानेवारीत पिंजोरची गिधाडं महाराष्ट्रात पेंच आणि ताडोबाला आणली.

डुंगरवाडीतच मोठा पिंजरा बांधून गिधाडं ठेवायचा विचारही पुढे आला होता. तिथे प्रश्न पडला, की मृत माणसाच्या शरीरात शेवटच्या आजारपणातलं वेदनाशामक राहिलं असेल तर? म्हणजे मलबार हिलवर गिधाड परत फिरायचं असेल, तर त्याची वाट दवाखान्यांवरून आणि गुरांच्या डॉक्टरांच्या पेटीवरून जाते. उद्या शंभर गिधाडं प्रयोगशाळेत घडवली आणि गोठ्यातली बाटली तीच राहिली, तर ती शंभरही झाडावर मान टाकून बसतील.

मग क्लोनिंग नकोच का? तसं मी म्हणत नाही. अमेरिकेत काळ्या पायांचं फेरेट म्हणून मुंगसासारखा छोटा शिकारी प्राणी आहे. संपला असं धरलं होतं. १९८१ साली वायोमिंगमधल्या एका शेतावरच्या कुत्र्याने मेलेलं फेरेट दारात आणून टाकलं, तेव्हा कळलं की थोडे आहेत. आज जे शेकडो आहेत ते फक्त सात पूर्वजांचे वंशज, सगळे जवळचे भाऊबंद. पण १९८८ साली मेलेल्या विला नावाच्या मादीच्या पेशी सॅन डिएगोला गोठवून ठेवल्या होत्या. तिच्यापासून २०२० च्या डिसेंबरमध्ये एलिझाबेथ अ‍ॅन जन्मली. पुढे विलाच्याच दुसऱ्या क्लोनला, अँटोनियाला, २०२४ मध्ये पिल्लंही झाली. हरवलेलं रक्त वंशात परत आलं. तिथे कळप आहे, रान आहे, गर्भ वाढवायला जवळची नातलग मादी आहे. या कामासाठी पैसा आणि बुद्धी लावा, असं मी कोणालाही मोकळेपणाने सांगेन. आपला माळढोक आता दीडशेच्याही खाली आला आहे. सोलापूरच्या नान्नजला त्याच्या नावाचं अभयारण्य आहे आणि पक्षी जवळजवळ दिसत नाही. राजस्थानात २०२४ साली कृत्रिम रेतनातून माळढोकाचं पिल्लू जन्मलं. ज्यांच्या पेशी आज जिवंत मिळतात त्यांच्या आजच जपून ठेवाव्यात, विजेच्या तारा माळढोकाच्या वाटेतून आजच हटवाव्यात.

[दृश्य : तानसा अभयारण्य. पहाट. सागाची निष्पर्ण फांदी.]

मुंबईपासून शंभरेक किलोमीटरवर तानसा. शेवटची गोष्ट इथली.

रानपिंगळा हा घुबडांमधलाच वीतभर पक्षी, दिवसाढवळ्या उघड्या फांदीवर बसणारा. १८८४ नंतर तो कोणालाच खात्रीने दिसला नव्हता. मध्ये एका इंग्रज अधिकाऱ्याने, रिचर्ड माइनर्ट्‌झहागनने, १९१४ साली गुजरातेत तो मारल्याचं सांगितलं, आणि लोक तिथे शोधत राहिले. ते खोटं होतं. त्याने संग्रहालयातला जुना नमुना चोरून वर नवी चिठ्ठी लावली होती. अमेरिकन पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी ती चोरी उघड केली, खोटी गावं यादीतून काढली, खरी उरलेली गावं धरली, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये दोन सहकाऱ्यांबरोबर नंदुरबारमध्ये शहाद्याजवळच्या रानात जाऊन उभ्या राहिल्या. ११३ वर्षांनी पक्षी समोर फांदीवर होता. नंतर मेळघाटात बरेच सापडले. आणि २०१४ साली इथे, तानसात.

भाच्याला मी इथे घेऊन आले. पहाटे पाचपासून आम्ही सागाखाली बसलो होतो. तो कुजबुजला, "मावशी, हा क्लोन नाही ना?" मी म्हटलं, "नाही रे. हा इथलाच. कोणी बघितलं नव्हतं."

वर पिंगळ्याने मान वळवली, खाली पाचोळ्यात सरडा हलला, आणि तो फांदीवरून सरळ खाली आला. मागे तानसा तलाव उजळत होता. याच तलावाचं पाणी नळावाटे मुंबईत येतं.

[दृश्य : तलावावरून नळमार्ग, मुंबईच्या दिशेने. पक्ष्याचा आवाज. काळोख.]